बाबूची सकाळ कोण ठरवणार? डिचोली तालुक्यातलं एक प्रकरण

घरात त्याला सगळे बाबू म्हणतात, म्हणून इथेही बाबूच. वय सत्तावीस. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता (ऑटिझम), दोन्ही प्रमाणपत्रावर आहेत. गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. नेमकं कुठलं ते सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मजकूर घरच्यांना वाचून दाखवला. बाबूलाही दाखवला, फोटो समोर ठेवून, जेवढा पोचला तेवढा.

अशा घरांबरोबर मी काम करते; माझ्याकडे हे प्रकरण आलं ते वर्तनसमस्या म्हणून. संध्याकाळी ताट फेकतो, डोकं भिंतीवर आपटतो, अडवायला गेलं तर आईच्या हाताला चावतो. साडेपाचच्या सुमारास त्याला खोलीत घालून बाहेरून कडी लावायची, हा घरातला नेम झाला होता. कडी लावताना आई स्वतः दाराबाहेर बसून राहायची, हेही सांगायला हवं, नाहीतर वाचणारा तिच्याबद्दल भलतंच काहीतरी धरून बसेल.

वडलांचा एक टिपर होता, खाणीवर चालायचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या चालू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्चच्या मध्यापासून सगळंच थांबलं. टिपर दारात उभा राहिला, कर्जाचे हप्ते चालू राहिले. बाबू तेव्हा खास मुलांच्या शाळेच्या व्यवसाय विभागात जायचा. कागदी पिशव्या, मेणबत्त्या, पणत्या रंगवणं, सगळ्याची प्रमाणपत्रं त्याच्या आईने, माईंनी, प्लास्टिकच्या फाईलमध्ये जपून ठेवली आहेत. २०२० च्या टाळेबंदीत गाडी बंद झाली ती या वाड्यापर्यंत परत आलीच नाही. २०२१ मध्ये वडील गेले. थोरला भाऊ वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, बिऱ्हाड मडगावात.

फाईल चाळताना मला जाणवलं की हा माणूस दहा-बारा वर्षं काही ना काही शिकतच होता, आणि गावात त्यातलं काहीही कुणाला नको होतं. पसरकाराकडे, म्हणजे किराणा दुकानदाराकडे, पिशव्या बाहेरून येतात. मेणबत्त्या चर्चच्या फेस्ताला विकल्या जातात, पण वाड्यात चर्च नाही. दोष शाळेचा म्हणून सांगत नाही. विद्यार्थ्याचं घर कुठे, तिथली माणसं काय करतात, याचा विचार करून शिकवायला शाळेकडे ना वेळ असतो ना माणसं.

आधी दात

माईंना कालनिर्णयवर खुणा करायला सांगितल्या: काय झालं, किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं. महिन्याभराच्या खुणांमध्ये दोन घोळके दिसले. एक साडेपाचचा, तो सगळ्यांना ठाऊक होता. दुसरा जेवणानंतरचा, आणि तोही सुकं नुस्तं (मासळी) किंवा चण्यांसारखं चावायचं काही असेल त्या दिवशी जास्त. मग तो जेवताना नीट बघितला. घास उजवीकडेच फिरवत होता. डावी खालची दाढ मुळापर्यंत किडली होती.

बोलून सांगता न येणाऱ्या माणसाचं दुखणं त्याच्या 'स्वभावात' जमा होतं. ताट फेकलं की कारण विचारलं जात नाही, कारण प्रमाणपत्रावर आधीच लिहिलेलं असतं. मधल्या काळात त्याची रिस्पेरिडोनची, म्हणजे वर्तन शांत करायच्या गोळीची, मात्रा दोनदा वाढवली गेली होती. वजन वाढलं होतं, सकाळी दहापर्यंत डोळे जड. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेऊन दाढ काढली. जेवणानंतरचे प्रकार बंद झाले तसे मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी हळूहळू उतरवली. घरच्यांनी परस्पर बंद केली नाही, हे मुद्दाम लिहिते. अशा कुठल्याही घरात वर्तनाची कारणं शोधायच्या आधी दात, कान, बद्धकोष्ठ, पित्त, झोप आणि फिट, एवढं तपासून घ्यावं. आराखडे, बैठका, फोटो सगळं त्यानंतर.

साडेपाच मात्र तसेच राहिले.

विचारायचं कसं

व्यक्तिकेंद्री आधार म्हणजे काय, तर त्याला विचारून करा, असं सांगितलं जातं. बाबूला विचारा: "चहा की दूध?" तो म्हणतो, "दूध." उलटं विचारा: "दूध की चहा?" तो म्हणतो, "चहा." शेवटी जो शब्द कानावर पडला तो परत येतो. स्वमग्न माणसांमध्ये हे बरंच आढळतं. पूर्वी शाळेच्या एका अर्जावर 'पुढे काय करायला आवडेल' या रकान्यात 'मेणबत्ती' लिहिलेलं सापडलं. प्रश्न कसा विचारला असेल याचा अंदाज मला आला.

म्हणून फोटो. छापील चित्रांचे संच मिळतात, पण त्यातला ग्लास बाबूचा नसतो. त्याच्याच घरातली भांडी, त्याच्याच वाटा, ओळखीची माणसं मोबाईलवर टिपली आणि प्रिंट काढून लॅमिनेट केली. दोन फोटो समोर. मग जागा बदलून तेच दोन. दुसऱ्या दिवशी वेगळ्या माणसाने तेच. तिन्ही वेळा हात एकाच फोटोवर गेला तर ती निवड धरायची. 'नको' साठी कोरं लाल कार्ड, आणि ते दाखवलं की खरोखर थांबायचं. हे घरच्यांना सगळ्यात जड गेलं. पहिल्या आठवड्यात त्याने आंघोळीला लाल कार्ड दाखवलं आणि माईंनी माझ्याकडे बघितलं. ठरवलं की आंघोळ व्हायचीच, पण आत्ता की चहानंतर, हे तो ठरवेल.

अमेरिकेत या कामात मोठी हयात घालवलेले मायकल स्मल दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगतात: माणसाला स्वतःला काय महत्त्वाचं वाटतं, आणि त्याच्या भल्यासाठी इतरांना काय महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडच्या घरांत दुसरी यादी मागावी लागत नाही. गोळ्या, आंघोळ, रस्ता, लोक काय म्हणतील, झोप, सगळं आई एका दमात सांगते. पहिली यादी करायला दीड-दोन महिने गेले. ती एका पानावर आली. त्यातला थोडा भाग:

वडलांचं घड्याळ हातात हवं, बंद पडलेलं चालत नाही. मागून हात लावू नका, समोर येऊन थांबा. स्टीलच्या भांड्यांचा खणखणाट सहन होत नाही. आकडे आवडतात, ओळीत लावलेल्या वस्तू आवडतात. वेळ सांगितली की पाळा. 'आता जाऊया' म्हणून अर्धा तास बसवून ठेवलं तर पुढचं तुमचं तुम्ही बघा. आणि: साडेपाचला तिठ्यावर जायचंय.

ही शेवटची ओळ फोटोंमधून निघाली. हात पुन्हा पुन्हा तिठ्यावरच्या चहाच्या गाड्याच्या फोटोवर जात होता. मग माईंना आठवलं: टिपर बंद झाल्यावर वडील त्याला रोज संध्याकाळी तिथे घेऊन जायचे. दोन चहा, एक भजी-पाव. ते गेल्यावर तिकडे न्यायला कुणी उरलं नाही.

सोप्यावरची बैठक

बैठक बाबूच्या घरीच, सोप्यावर घेतली. माई, दादा, शेजारची काकी, पसरकार, दूध संस्थेचे सेक्रेटरी, देवळाच्या समितीतले एक जण, जुन्या शाळेतली एक टीचर आणि मी. बाबू आला, सगळ्यांची घड्याळं बघून झाली, बसला, उठला, आत गेला, पुन्हा आला. तो आत असताना विषय त्याच्यावर न्यायचा नाही आणि समोर असताना 'याला काही कळत नाही' हे वाक्य बोलायचं नाही, असं ठरलं. दुसरं कलम पसरकाराने पहिल्या पाच मिनिटांतच मोडलं आणि जीभ चावली.

दादाचं मत स्पष्ट होतं: चांगलं वसतिगृह बघून तिथे ठेवावं. त्याने चौकशीही केली होती. अशा बैठकांत भावाला खलनायक करून टाकायची सवय असते. मला ते पटत नाही. आई साठीच्या पुढे, रात्रीची जबाबदारी शेवटी त्याच्यावरच येणार, आणि त्याच्या बायकोला कुणी एका शब्दाने विचारलेलं नाही. "टीचर, मी कुणाच्या उपकारावर त्याला गावात ठेवू?" हा त्याने मला विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. माईंचा प्रश्न जुनाच, दर घरात ऐकू येणारा: "म्हज्या फाटल्यान ताचें कोण?" माझ्यामागे त्याचं कोण?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम समाजात राहण्याचा हक्क देतं. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातही एकोणिसावं कलम तेच सांगतं. पण कलम वाचून दाखवल्याने दादाच्या प्रश्नाला उत्तर मिळत नव्हतं. म्हणून बैठकीत मी 'त्याला सामावून कसं घ्यायचं' हे विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच: गावात अशी कुठली जागा आहे, की बाबू एक दिवस आला नाही तर तिथल्या कुणाचं तरी अडेल?

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग सेक्रेटरी म्हणाले, "सकाळी बाटल्या लावायला माणूस मिळत नाही मला."

तिठ्यापर्यंतचा रस्ता

त्याआधी संध्याकाळ सोडवायची होती. घरापासून तिठा पायी दहा मिनिटं, मध्ये एक वळण आणि एक रस्ता ओलांडायचा. माईंचं म्हणणं, ट्रक पुन्हा धावायला लागलेत, पोर गाडीखाली गेलं तर? भीती खरी होती. तरी 'जाऊ द्यायचं की नाही' असा प्रश्न ठेवला की उत्तर कायम 'नाही' येतं, म्हणून आम्ही रस्त्याचे तुकडे केले. ओलांडायची जागा एकच, काजूच्या झाडासमोर. तिथे पाय थांबलेच पाहिजेत. आधी काकीचा कॉलेजात जाणारा मुलगा सोबत हात धरून, मग हात सोडून बाजूने, मग चार पावलं मागे, मग वळणापर्यंत मागे. शेवटी माई फाटकात उभ्या आणि गाड्यावरून फोन: "पावलो," म्हणजे पोचला. परतीचंही तसंच. हे व्हायला पावसाळा धरून पाचेक महिने लागले; जूनमध्ये छत्रीमुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून, कारण छत्री धरलेल्या हाताला घड्याळ दिसेना.

आणि एकदा चुकलंच. गाडेवाल्याच्या घरी सुतक पडलं, गाडा बंद. बाबू गेला, गाडा नाही, फोन नाही. तासाभराने तो कदंबच्या बसथांब्यावर बसलेला सापडला, शांतपणे. त्या रात्री दादाने वसतिगृहाचा विषय परत काढला. मला त्यात एवढंच दिसलं की सगळा भार एका माणसावर टाकला होता. पसरकाराचा नंबर दुसरा म्हणून लावला, आणि 'गाडा बंद' असं एक कार्ड केलं, ते असलं की पसऱ्यावर जायचं.

कडी आता दाराला नाही. साडेपाचचं आपटणं थांबलं असं म्हणणं खोटं होईल. ज्या दिवशी वीज जाते आणि माई 'आज नको' म्हणतात, त्या दिवशी अजून होतं.

एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. बाबूच्या जागी बहीण असती तर या बैठकीत तिठ्याचा विषय निघालाच नसता, आणि मीही कदाचित तो इतका रेटला नसता. मतिमंद म्हणून घरात ठेवलेल्या किती मुली याच तालुक्यात असतील, त्यांच्यासाठी गावातली कुठली वाट आम्ही अशी तुकड्यातुकड्याने मोकळी करू, याचं उत्तर या प्रकरणात नाही.

दूध संस्था

गावातली संस्था गोवा डेअरीला दूध घालते. सकाळी सहाला लोक कॅन घेऊन येतात; दूध मापायचं, प्रत्येकाच्या दुधाचा नमुना छोट्या बाटलीत घ्यायचा, फॅट बघायचं, वहीत लिहायचं, कारण भाव फॅटवर ठरतो. बाटल्या सभासद क्रमांकाप्रमाणे रॅकमध्ये लावायच्या. एक बाटली चुकली की एकाचं फॅट दुसऱ्याच्या नावावर, आणि मग सकाळी सकाळी भांडण. हे काम बाबूचं.

आडवी आली ती एकच गोष्ट, कॅनचा आवाज. खाणीवर कानाला लावतात तसले मफ दादाने आणले. तरी पहिल्या दिवसांत तो दारातून परत फिरायचा. तेव्हा वेळ बदलली: गर्दी होण्याआधी पावणेसहाला येऊन रिकाम्या बाटल्या लावायच्या, आणि गर्दी ओसरल्यावर भरलेल्या तपासायच्या, मधला वेळ मागच्या खोलीत. कामाचे टप्पे भिंतीवर फोटोंनी लावले. सुरुवातीला जुन्या शाळेची टीचर शेजारी उभी राहायची, मग ती फक्त सोमवारी यायला लागली, मग तिची गरज उरली नाही. शिकवायचं ते कामाच्याच जागी. आधी तयार करून मग पाठवायचं, असं नाही. शाळेत रॅक मांडून सहा महिने सराव घेतला असता तरी तो संस्थेत पुन्हा दारातूनच फिरला असता.

पैशांवरून मात्र खटका उडाला. "तो येऊन बसतो, त्याचा वेळ जातो, हेच पुष्कळ. पैसे देऊन त्याला काय कळणार?" असं संस्थेच्या समितीतले एक जण म्हणाले. माईही म्हणाल्या, राहू दे टीचर, घेतायत हेच उपकार. मी इथे अडून बसले. फुकट काम करणारा उद्या आला नाही तर कुणी शोधायला जात नाही, आणि हे काम दुसऱ्याने केलं असतं तर संस्थेने पैसे मोजलेच असते. शेवटी दीड तासाचं मानधन ठरावात लिहून मंजूर झालं. बाबूला नोटेचं फारसं कौतुक नाही, हे खरं. तो त्यातून घड्याळाचे सेल घेतो आणि तिठ्यावर दोन चहा सांगतो. दुसरा चहा त्या वेळी जो बाकावर असेल त्याचा.

श्रावणातल्या सप्ताहात आणखी एक काम आपसूक आलं. अखंड भजन चालू ठेवायचं तर पुढच्या पाराची (पाळीची) माणसं वेळेवर हवीत, आणि ती कधीच वेळेवर नसतात. झांजा-पखवाजाजवळ बाबू थांबू शकत नाही, पण घड्याळ बघून काकीच्या मुलासोबत दारोदारी जाऊन 'पार!' म्हणून हाक मारू शकतो. पहाटेच्या पाराच्या लोकांनी तक्रार केली की हा पंधरा मिनिटं आधी येतो.

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हापासून राज्यात दिव्यांगांबद्दल बोललं जाऊ लागलं, ते चांगलंच झालं. दादा एका वर्षी बाबूला घेऊन गेला. गर्दीत तो अर्धा तास टिकला. रॅम्प, सांकेतिक भाषेचे दुभाषे, शांत खोल्या या गोष्टी तिथे लोकांच्या डोळ्यांसमोर येतात. पण गावातली माणसं बदलली ती बाटल्यांच्या रॅकमुळे, हे माझं मत.

कागद, बँक, घराचा वाटा

गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे खात्यात येतात, आणि खात्यासाठी बँकेने पालकत्वाचा दाखला मागितला. अठरा पूर्ण झाल्यावर आईसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाही, हे बहुतेकांना बँकेच्या खिडकीवरच कळतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. तसा केला. २०१६ चा कायदा मात्र वेगळ्या दिशेने बघतो: त्याच्या चौदाव्या कलमातलं मर्यादित पालकत्व ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीचं, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे चालणारं आहे. दोन कायद्यांमधली ही ओढाताण घरात बसून सुटत नाही. आम्ही एवढंच केलं की दाखला घेतला आणि सोबत घरचा एक कागद केला: बँक आणि उपचार यांत माई सही करतील, काय घालायचं, संध्याकाळी कुठे जायचं, मानधन कशावर खर्च करायचं, यात करणार नाहीत. त्याला कोर्टात किंमत नसेल, पण दादा त्याच्याकडे बोट दाखवून माईंना अडवतो, मी पाहिलंय.

निरामय आरोग्य विमाही याच न्यासाचा, १ लाख रुपयांपर्यंतचा. नोंदणी आणि नूतनीकरण वेळेवर केलं तर उपयोग.

घराचा विषय गोव्यातला, म्हणून वेगळा. इथल्या नागरी कायद्यात, दुसरा करार नसेल तर, नवराबायकोची मिळकत सामाईक. म्हणजे वडील गेल्यावर अर्धं घर माईंचंच होतं. उरलेलं अर्धं दोन मुलांना सारखं, बाबूला चौथा हिस्सा. मुलांचा वारसाहक्क मृत्युपत्र करून पूर्णपणे काढून घेता येत नाही. वसतिगृहाची अनामत भरायला घर विकायचं झालं तरी बाबूला वगळून विकता आलं नसतं. हे कळल्यावर दादाचा सूर बदलला, आणि तो स्वार्थाने बदलला असं मला वाटत नाही. हा भाऊ 'ठेवायचा' माणूस नसून घराचा मालक आहे, हे त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा, अर्ज अजून न्यायालयात घालायचा आहे.

अजून काय अडलंय

रात्र. दिवसाचे तुकडे गावाने वाटून घेतले, रात्रीला माईच. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी त्या दोन रात्री बाहेर होत्या तेव्हा दादा-वहिनी येऊन राहिले. पानावरच्या सूचना वहिनीने फ्रिजवर लावल्या आणि निभावलं. वहिनीला तेव्हा पहिल्यांदा कुणी विचारलं, की तुम्हाला काय जमेल आणि काय नाही. तिने सांगितलं: दोन-चार दिवस जमेल, कायम नाही. हे उत्तर मला मोलाचं वाटतं, कारण आता त्यावर पुढचं ठरवता येईल. थोड्या दिवसांपुरतं ठेवायची, घरच्यांना श्वास घ्यायला देणारी सोय तालुक्यातच हवी. ती नाही.

आणि संस्थेत स्वयंचलित यंत्र यायचं घाटतंय. कॅन ओतला की लिटर, फॅट, पैसे सगळं पावतीवर. मग बाटल्या नाहीत, रॅक नाही. सेक्रेटरींनी हे मला आपण होऊन फोन करून सांगितलं. यंत्राच्या पावत्या सभासद क्रमांकाप्रमाणे लावणं, किंवा शेजारच्या खोलीत पशुखाद्याची पोती मोजून घेणं, अशी दोन कामं त्यांनी सुचवली आहेत. दोन्हींचे फोटो काढून झाले. पुढच्या आठवड्यात ते बाबूसमोर ठेवायचे आहेत, जागा बदलून, तीनदा.